घरचा मामला

म्हैस नाल्याच्या काठावर आडवी होऊन मेली होती. तिला वर ओढायला केवलराम आणि नत्थू दोघंच होते. मागच्या पायांना दोर बांधून त्यांनी झटका दिला, तसं खुराच्या वरचं कातडं दोराबरोबर सोलून आलं. खाली गुलाबी मांस दिसलं. केवलरामनं दोर सोडला आणि हात लुंगीला पुसले.

"शिंगाले बांधू," तो म्हणाला.

"ए पानी नोहे गा भैया," नत्थू म्हणाला, "आगी हे, आगी."

नत्थू पथरीडीह गावचाच, बापआजापासून नाल्यात मासे धरणारा. मासे संपल्यापासून तो दुसऱ्याच्या बाडीत, भाजीच्या मळ्यात, रोजीनं जात होता. केवलराम मूळचा भंडाऱ्याकडचा. तरुणपणी भिलाईला आला, स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या धगीत जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून भिलाई-तीनच्या पुढे, पथरीडीहमध्ये नाल्याकाठी भाजीची बाडी घेतली. भेंडी, वांगी, दोडके. बायको मैनाबाई माल काढायची आणि सेक्टर सहाच्या बाजारात नेऊन विकायची.

नाल्याच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या उंच कुंपणात परदेशी कंपनीचा कारखाना होता. तिथं लोखंडाचे पत्रे तेजाबात धुऊन चकचकीत करत. वापरलेलं तेजाब एका मोठ्या टाकीत जाई, आणि टाकीतून जाड पाइपानं नाल्यात. त्याच तेजाब लाइनवर केवलरामचा पोरगा प्रफुल्ल ठेकेदाराकडून कामाला होता.

शिंगाला बांधून म्हैस वर आली. तिच्या पोटात रेडकू होतं. खड्डा खोदता खोदता केवलरामच्या कुदळीचा दांडा दोनदा हातातून सुटला. मैनाबाई बांधावर उभी होती. तिच्या स्वतःच्या घोट्यांना चिरा पडल्या होत्या, त्यात तिनं खोबरेल तेल आणि हळद भरली होती. पाण्यात उतरून भाजी धुवायची तर दुसरा उपाय नव्हता.

प्रफुल्ल ड्यूटीवरून आला तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. त्याच्या शर्टाला तेजाबाच्या शिंतोड्यांनी भोकं पडलेली असत. सायकल लावून तो तसाच मातीच्या ढिगाकडे बघत राहिला.

"किती वेळा सांगतलं, जनावर नाल्यावर नेऊ नका म्हणून," तो म्हणाला.

"मंग कुठी नेऊ?" मैनाबाई म्हणाली. "तुह्या कंपनीच्या हाफिसात नेऊ पाणी पाजाले?"

प्रफुल्ल हातपाय धुवायला बोअरिंगकडे गेला. त्याची बायको भूमिका दुर्गच्या मोहन नगरातली. तिनं टॉवेल आणून दिला आणि हळूच म्हणाली, "रोज का यही है. आई तुमचं नाव घेऊनच बोलतात मले."

*

बाजारात मैनाबाईची जागा ठरलेली होती, एका सायकलच्या दुकानापुढं. तिचं गिऱ्हाईकही ठरलेलं. त्यात सेक्टरच्या मराठी बायका जास्त, तिच्याशी मराठीत बोलायला म्हणून यायच्या. त्या आठवड्यात त्यातल्याच एक बाई, कुणा अधिकाऱ्याच्या पत्नी, हातात पिशवी घेऊन आल्या आणि पिशवी तिच्या वांग्यांवर उलटी केली. दोन दिवसांपूर्वीचे दोडके होते, अर्धे चिरलेले.

"कडू जहर आहेत. मुलांना उलट्या झाल्या," बाई म्हणाल्या. "मैनाबाई, आम्ही तुम्हाला घरचं समजत होतो हो."

"दुसरे देतो ना बाई."

"नको. पथरीडीहचा माल आहे ना? पेपरात आलंय त्या नाल्याचं."

आजूबाजूचे भाजीवाले बघत होते. शेजारचीनं तर आपली टोपली थोडी लांब सरकवली. त्यानंतर कुणी "कहाँ की भाजी?" विचारलं की मैनाबाई दुसऱ्याच गावाचं नाव सांगायला लागली. खोटं बोलताना तिचा हात उगाच तराजूच्या दांडीवर घट्ट व्हायचा.

माघात गावातली आणखी ढोरं मेली. तेव्हा लोकांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली, तहसीलच्या दारात नेली आणि पायऱ्यांवर ओतली. एका गाईचं पोट फुटलं. वासानं आतले कारकून खिडक्या लावायला धावले. पोलीस आले, काठ्या पडल्या. केवलरामला पाठीवर दोन बसल्या, पण तो हसत घरी आला.

"साहेबायच्या बुटाले लागलं," तो म्हणाला. "आता वास जाणार नाही त्याईचा."

त्यानंतर पाण्याचे नमुने नेले, आणि वरून हुकूम निघाला: पाणी साफ करायची मशीन बसेपर्यंत पाइप बंद. नायब तहसीलदार अरुणकुमार जीपमधून आले. वयानं पन्नाशीचे, नागपूरकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाइपाच्या व्हॉल्वचं चाक कामगारांकडून घट्ट बंद करून घेतलं, त्याला साखळी घातली, कुलूप लावलं, आणि कुलपावर कापड गुंडाळून लाखेचा शिक्का मारला. लाख वितळवायला मेणबत्ती नत्थूनं धरली होती. बायकांनी पाइपाजवळ नारळ फोडला आणि अरुणकुमारांच्या हातात खोबरं ठेवलं. ते ओशाळले.

"माझ्या हातात काही नाही मावशी," ते मैनाबाईला म्हणाले. "वरून हुकूम आला म्हणून लावला."

"लावला त तुमीच ना," मैनाबाई म्हणाली.

तेजाबाचं पाणी सोडायला जागा नाही म्हणून कंपनीनं तेजाब लाइन थांबवली. ठेक्यावरच्या सगळ्यांना घरी बसवलं. त्यात प्रफुल्ल.

*

पावसाळा चांगला झाला. नाल्याचा तळ धुऊन निघाला, दगडांवरचा पिवळा थर गेला. दिवाळीच्या सुमाराला नत्थूला जाळ्यात करंगळीएवढे मासे सापडले. त्यानं ते केळीच्या पानात बांधून केवलरामला आणून दिले आणि दारातच बसून मोठ्यानं रडला. केवलरामनं त्याला चहा पाजला.

बाडीत पुन्हा काम सुरू झालं. केवलराम पहाटे पंप लावायचा, आळ्यांना पाणी फिरवायचा. मैनाबाई आणि भूमिका खुरपत. भेंडीची झाडं कमरेएवढी झाली. रोज भेंडी तोडताना बोटांना कुसं लागत, खाज सुटे, पण मैनाबाईच्या घोट्याच्या चिरा भरून आल्या होत्या. बाजारात ती पुन्हा पथरीडीहचं नाव सांगू लागली.

प्रफुल्ल मात्र बाडीत उतरत नव्हता. सकाळी दाढी करून, कंपनीचं निळं जॅकेट घालून भिलाई-तीनच्या नाक्यावर जाऊन बसायचा. तिथं घरी बसवलेले सगळेच असत.

एक दिवस केवलरामनं त्याला हाक मारली. "फावडं घे, ते पाट साफ कर."

"मी नाही करत."

"कावून?"

"मी ऑपरेटर हाय. माती वढाले नाही शिकलो मी."

"तुह्या आजानं मातीच वढली."

"म्हणूनच तुमी पळून आले ना भिलाईले?" प्रफुल्ल उसळला. "तुमाले प्लांटाची पक्की नोकरी भेटली, क्वार्टर भेटलं, पेन्शन भेटली. मले काय भेटलं? एक ठेक्याचं काम होतं, ते तुमीच बंद पाडलं. नारळ फोडून बंद पाडलं."

केवलरामनं फावडं टाकलं आणि त्याच्या जॅकेटची कॉलर धरली. प्रफुल्लनं बापाचे दोन्ही हात मनगटात पकडून झटकले. म्हातारा पाटातल्या चिखलात बसकण मारून पडला. भूमिका ओरडली. मैनाबाई धावत आली. प्रफुल्ल बापाला उठवायला वाकला, पण केवलरामनं त्याचा हात घेतला नाही. स्वतःच गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चिखल लागलेल्या लुंगीनिशी पाट साफ करू लागला.

*

फाल्गुनात अरुणकुमार परत आले, या वेळी जीपऐवजी स्कूटरवर, एकटेच. केवलरामच्या ओसरीवर बसले. गावातले दहाबारा जण जमले.

"उद्या शिक्का काढायचा हुकूम आहे," ते म्हणाले. "मी आधी सांगायला आलो. कुणी आडवं येऊ नका. फोर्स येणार आहे."

"पाणी साफ करायची मशीन बसवली का कंपनीनं?" केवलरामनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

अरुणकुमारांनी चष्मा काढून पुसला. "कंपनी बाहेरच्या देशातली. त्या देशाचा दिल्लीशी जुना करार आहे. तिकडच्या माणसानं इथं पैसा घातला, आणि सरकारच्या एखाद्या हुकमानं त्याचं नुकसान झालं, तर ते आपल्या कोर्टात जात नाहीत. परदेशात तीन पंच बसतात, त्यांच्यापुढं सरकारवर दावा लावतात. कंपनी म्हणते, आम्हाला परवानगी दिली तेव्हा मशीन बसवायचा नियम नव्हता. नंतर केलेला नियम आम्ही मानणार नाही. टाळं लावलं त्याची भरपाई द्या. आकडा एवढा मोठा आहे की वरचे लोक घाबरलेत."

"असा करार केला कोनं?"

"जुना आहे. आता तर दिल्लीनं तो मोडलाय."

"मोडला? मंग झालं."

"मोडला तरी आधी आलेल्या कंपन्यांना पंधरा वर्षं लागू राहतो. तसं त्यातच लिहिलेलं आहे."

केवलराम हसला. "म्हणजे मेल्यावर पंधरा वर्ष जित्ता?"

"अन माह्या म्हशीचं नुकसान?" मैनाबाईनं दारातून विचारलं. "मी कोणत्या पंचाकडं जाऊ?"

अरुणकुमार उठले. "मावशी, तुम्ही दुर्गच्या कोर्टात जाऊ शकता," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्यांचा चेहरा उतरला.

त्याच दिवशी नाक्यावर ठेकेदार शामसुंदरनं घरी बसवलेल्या पोरांना गोळा केलं. उद्या लाइन चालू होणार होती. जो उद्या हेल्मेट घालून पाइपाजवळ उभा राहील त्याला पहिल्यांदा कामावर घेऊ, असं तो म्हणाला. "मारपीट नहीं करनी है, पुलिस है उसके लिए. बस खड़े रहना है. कंपनी को दिखना चाहिए कि कौन अपना है."

जेवताना प्रफुल्लनं ते घरात सांगितलं. लपवलं नाही.

"मी जाईन," तो म्हणाला. "तुमी उद्या घरीच राहा बाबा."

"तू तिकडं उभा राह्य, मी इकडं राहीन," केवलराम म्हणाला. "पाइप मधात हाय."

*

सकाळी ऊन चढायच्या आतच गाव नाल्यात उतरलं. पाणी घोट्याएवढं होतं. पाइपाचं तोंड काठातून बाहेर आलेलं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. केवलराम आणि नत्थू त्या तोंडाला पाठ लावून बसले. त्यांच्यापुढं बायका उभ्या राहिल्या, कमरेला पदर खोचून. मैनाबाई बाडीतून तशीच आली होती, हातात गवत कापायचा विळा. तिनं तो घरी ठेवला नव्हता आणि तिला कुणी ठेव म्हणालंही नव्हतं.

वर काठावर पोलीस, काचेसारख्या ढाली घेऊन. त्यांच्या मागे पिवळी हेल्मेटं घातलेले कामगार, तोंडाला कंपनीचे पांढरे मास्क, हातात लोखंडी सळ्या. खालून सगळे सारखेच दिसत होते. आणखी वर, चाकाजवळ, अरुणकुमार आणि शामसुंदर.

पोलीस अधिकारी भोंग्यातून बोलला, पाच मिनिटं दिली. कुणी हललं नाही. मग एका बाईला केसांनी धरून काठावर ओढलं, आणि कुठून तरी पहिला दगड आला. एका शिपायाचा ओठ फाटला. त्यानं रक्त थुंकलं आणि समोर जे डोकं आलं त्यावर काठी हाणली.

मग थांबलं नाही. काठ्या पाण्यात पडत होत्या, माणसांवर पडत होत्या, दोन्हीचा आवाज वेगळा येत होता. एका म्हातारीचा हात कोपरातून उलटा वळला. गावच्या पोरांनी एका शिपायाला खाली पाडलं आणि त्याचं तोंड पाण्यात दाबून धरलं. दुसऱ्या दोघांनी येऊन त्यांना लाथांनी तुडवून त्याला सोडवलं. कामगारांना नुसतं उभं राहायला सांगितलं होतं, पण दगड त्यांच्यावरही पडले तसे तेही सळ्या घेऊन खाली उतरले. ओळखीची माणसं ओळखीच्या माणसांना मारू लागली. कुणी नाव घेऊन शिव्या दिल्या, कुणी नाव घेऊन गयावया केली.

केवलरामच्या खांद्यावर काठी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो पाइपाच्या तोंडात आणखी मागे सरकला. नत्थूनं त्याच्यावर ओणवं होऊन पुढचे फटके आपल्या पाठीवर घेतले.

वर अरुणकुमारांनी शिक्क्याचं कापड फाडलं. लाख बोटांनीच फोडली. शामसुंदरनं कुलूप काढलं आणि दोन कामगारांना चाक फिरवायला लावलं.

प्रफुल्ल त्या क्षणापर्यंत काठावरच होता. चाक फिरताना त्यानं पाहिलं आणि त्याला टाकी आठवली. टाकी वर्षभर रिकामी झालेली नव्हती. लाइन थांबली तेव्हा पत्रे धुवायच्या कुंडांमधलं सगळं तेजाब तिच्यातच सोडलं होतं, नेहमीसारखं पाणी मिसळूनसुद्धा नाही. तो ओरडला, "टाकी भरली हाय! हटा! बाबा, हटा तिथून!" मास्कमधून आवाज बाहेर पडला नाही. तो सळई घेऊनच खाली धावला, माणसं ढकलत पाइपापाशी पोचला, बापाच्या काखेत हात घालून त्याला ओढू लागला. केवलरामनं दगडाला धरून ठेवलं. मोडलेल्या खांद्याला ओढ बसली तसा तो जनावरासारखा ओरडला.

मैनाबाईनं ते ओरडणं ऐकलं. वळून पाहिलं, तर पिवळं हेल्मेट घातलेला एक जण तिच्या नवऱ्याला फरफटत नेत होता. त्याच्या काखेत सळई होती. ती दोन ढांगांत तिथं पोचली. विळा डोक्याच्या वर गेला. त्या माणसानं मान वर केली, मास्क हनुवटीवर घसरला होता, आणि उजवा हात आडवा धरला.

विळा हातावर आला.

तो "माय" म्हणाला, मोठ्यानं नाही. तीन बोटं तुटून पाण्यात पडली होती. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हातानं बापाची कॉलर धरली आणि मागे झोकून दिलं. दोघं काठाच्या उतारावर आदळले.

पाइपातून आधी हवा आली, मग एक घरघर, आणि मग हिरवट पिवळा लोट. त्याच्यातून वाफ निघत होती. नत्थू पाइपाच्या तोंडासमोर होता. त्या लोटानं त्याला उचलून नाल्याच्या मध्यात फेकलं. तो उठला, दोन्ही हात डोळ्यांवर, दोन पावलं भलत्याच दिशेनं गेला आणि पुन्हा पडला. पोलीस, गाववाले, कामगार, सगळे खोकत, आंधळ्यासारखे काठ चढू लागले. नत्थूला बाहेर काढायला शेवटी एक शिपाईच गेला, आणि त्याचेही पाय सोलले गेले.

मैनाबाई उतारावर बसून होती. हातातला विळा एका महिला शिपायानं काढून घेतला तेव्हा तिनं सहज दिला.

*

नत्थू त्याच आठवड्यात मेला. आत गेलेल्या तेजाबानं त्याची छाती जळाली होती. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की रात्र आहे आणि कुणी दिवा लावत नाही.

गावातली बरीच माणसं कोठडीत गेली. केवलराम खांदा बांधून सरकारी दवाखान्यात, खाटेशी शिपाई. मैनाबाई बाकीच्या बायकांबरोबर लॉकअपमध्ये. प्रफुल्लला मात्र कंपनीनं खाजगी दवाखान्यात वेगळी खोली दिली. भूमिका त्याच्या उशाशी होती. सासूचं नाव काढलं की ती उठून खिडकीकडे जाई.

एका दुपारी शामसुंदर आला. बरोबर कंपनीचा वकील, पांढऱ्या शर्टातला, आणि बयान घ्यायला एक हवालदार. वकील नीट बोलणारा होता. आधी हाताची चौकशी केली, मग हिंदीत समजावून सांगितलं.

करारात फक्त नुकसानभरपाईच नव्हती. परदेशी कंपनीच्या मालाचं आणि माणसांचं रक्षण करायची जबाबदारीही सरकारवर होती. गावकऱ्यांच्या जमावानं कंपनीच्या कामगारावर हल्ला केला आणि पोलिसांना तो रोखता आला नाही, हे पंचांपुढं आलं की दावा पक्का होणार होता. आणि सगळ्यांत जास्त जखमी झालेला कामगार प्रफुल्ल होता.

"तुम्हारी माँ का नाम कहीं नहीं आएगा," वकील म्हणाला. "बस इतना, कि भीड़ ने मारा. भीड़ में कौन था, दिखा नहीं."

"पक्की नोकरी," शामसुंदर म्हणाला. "ऑफिस में. एक हाथ से भी चलेगी. और अम्मा भी छूट जाएगी."

भूमिका पुढं आली. "द्या ना बयान," ती म्हणाली. "सबका भला है. तुमाले काय करायचं आहे आणखी? हात देऊन झाला."

प्रफुल्ल पट्टीच्या गोळ्याकडे बघत होता. "बाबाचं काय?" त्यानं विचारलं. "अन जे आत हायत त्याईचं?"

वकिलानं खांदे उडवले. "वो सरकार देखेगी. भीड़ में थे, तो भीड़ का केस बनेगा. हत्या की कोशिश."

"और नत्थू?"

"कौन नत्थू?" वकिलानं शामसुंदरकडे पाहिलं. शामसुंदर खाली बघू लागला.

प्रफुल्ल उठून बसला. हवालदाराकडे वळला.

"लिखो साहब," तो म्हणाला. "मले माह्या मायनं मारलं. मैनाबाई, केवलरामची बायको. मेरी सगी माँ ने. विळ्यानं. मी बाबाले वढत होतो म्हणून."

"अरे, समझो," वकील म्हणाला, "ये लिखोगे तो माँ फँसेगी. और ये हमारे किसी काम का नहीं है. ये तो घर का मामला हो गया."

"घरचाच मामला हाय," प्रफुल्ल म्हणाला. त्याचा आवाज चढला, नर्स दारात आली. "माय हाय ते माही. तिनं मारलं. भीड नव्हती तिथं. भीड पळत होती, कारण की तुमी टाकी सोडली. तेही लिहा. वर्षभराची भरलेली टाकी, खाली माणसं बसलेली, अन तुमी चाक फिरवलं. मी ऑपरेटर होतो त्या टाकीचा. लिहा!"

हवालदाराचं पेन थांबलं होतं. त्यानं वकिलाकडे पाहिलं. त्याच्याच एका जोडीदाराचे पाय त्या पाण्यात सोलले होते. मग त्यानं लिहायला सुरुवात केली.

"शिकायत करनी है? माँ के खिलाफ?" त्यानं विचारलं.

"नहीं."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. वाटेत मोहन नगरला रिक्षा थांबवून भूमिका माहेरी उतरली. "कधी येऊ ते सांगत नाही," एवढं म्हणाली.

*

हवालदारानं लिहून घेतलेलं प्रफुल्लचं बयान एकदम कुणाला सोडवायला पुरलं नाही, पण हत्येच्या प्रयत्नाचं कलम त्यामुळं टिकलं नाही. उन्हाळा संपायच्या आत बायका जामिनावर सुटल्या, मग बाप्ये. टाकीबद्दल कुणावर गुन्हा दाखल झाला नाही. परदेशातल्या दाव्याचं पुढं काय झालं ते पथरीडीहला कळलं नाही. कुणी म्हणे सरकारनं तडजोड केली, कुणी म्हणे अजून चालूच आहे. अरुणकुमारांची बदली झाली. पाइप चालू राहिला.

नाल्याचं पाणी पुन्हा बाडीत फिरवता येत नव्हतं. बोअरिंगला तळ लागला होता. भेंडी उभ्याउभ्या करपली. मैनाबाई घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती उपटायला लागली. केवलराम सुटून आल्यावर, एक खांदा उतरलेला, ओसरीवर बसून बघायचा.

प्रफुल्ल तिच्यासमोर येत नव्हता. एक दिवस दुपारी मात्र तो बाडीत उतरला आणि तिच्या मागे, एक ओळ सोडून उभा राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. झाड धरायची, मुळासकट उपटायची, माती झटकून बांधावर टाकायची.

"माय," तो म्हणाला. "मी सगळ्याईले सांगून राहिलो, हेल्मेट होतं म्हणून तुले दिसलं नाही."

तिनं आणखी एक झाड उपटलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

त्यानं उजवा हात पाठीमागे घेतला.

"विळा वर होता तवाच दिसलं. मास्क खाली आला होता तुहा." ती त्याच्याकडे वळली. "तूच होता. तिकडच्यायच्या वेशात. तुह्या बापाले वढत होता. मले वाटलं, हा माहा पोट्टाच. अन हात थांबला नाही."

"थांबला नाही का थांबवला नाही?"

"थांबवला नाही."

प्रफुल्लनं डाव्या हातानं तिच्या तोंडावर चापट मारली. नीट बसली नाही, डावा हात होता. तरी तिचा ओठ दातावर फुटला. ओसरीवरून केवलराम ओरडत उठायला लागला. तिनं त्याला हातानंच बस म्हणून खूण केली.

पदराच्या टोकानं तिनं ओठ टिपला, पदराकडे पाहिलं आणि पदर पुन्हा कमरेला खोचला. प्रफुल्ल तिथंच उभा होता.

"चाल," ती म्हणाली. "भात थंडा होऊन राहिला."

ती पुढं चालू लागली. तो करपलेल्या ओळींमधून तिच्या मागे गेला. चुलीपाशी तिनं भातावर वरण ओतलं, घास होतील असा कालवला, आणि ताट त्याच्या डाव्या हाताशी सरकवलं.